डोळ्यातला पांढरा सदरा

नवे डोळे बसवून भूपाल आरवाडे घरी निघाले, तेव्हा त्यांना पहिली नीट दिसलेली गोष्ट म्हणजे रिक्षावाल्याच्या कानावरचे केस. चार वर्षांत इतकं देखणं काही आपल्या नजरेला पडलं नाही, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं आणि तसं ते बोलूनही गेले. रिक्षावाल्यानं आरशातून एकदा मागं पाहिलं आणि मग मुकाट्यानं गाडी हाकली. विश्रामबागेपासून हरभट रोडपर्यंत भूपालअण्णा दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत आले. औषधं, चपला, भडंग, चार्जिंग, पुन्हा भडंग.

अण्णांचं वय चौऱ्याहत्तर. खाली ‘आरवाडे फोटो स्टुडिओ’ आणि वर दोन खोल्यांचं घर, असा सांगलीत त्यांचा जन्म गेला. स्टुडिओ आता नावापुरताच उरला होता. ज्याच्या-त्याच्या चष्म्यात आणि शर्टाच्या बटणात कॅमेरा आल्यावर फोटो काढून घ्यायला कोण कुणाकडं जातो? मूलबाळ नव्हतं. बायको शैलजा जाऊन सत्तावीस वर्षं झालेली. आणि तेवढंच काय ते राहिलं होतं म्हणून चार वर्षांपूर्वी डोळे गेले.

गेले म्हणजे पूर्ण गेले नाहीत. डोळ्याच्या मागं जो पडदा असतो, त्याच्या मधला हरभऱ्याच्या डाळीएवढा भाग म्हातारपणी काहीजणांचा झिजतो. आपण ज्याच्याकडं रोखून बघतो त्याचं चित्र नेमकं तिथंच पडतं. त्यामुळं कडेचं सगळं अंधुक का होईना दिसत राहतं आणि ज्याच्याकडं बघावं तेच नाहीसं होतं. समोर माणूस आला की अण्णांना त्याच्या चपला दिसायच्या, मागची भिंत दिसायची, चेहऱ्याच्या जागी मात्र राखाडी भोक. जन्मभर ज्यानं चेहऱ्यांवर पोट भरलं त्याला असा आजार व्हावा, यात काही न्याय शोधू नये. शोधला तरी सापडत नाही.

नवा इलाज असा होता. झिजलेल्या जागी तिळाएवढी चिप बसवायची. चष्म्याच्या मधोमध कॅमेरा. त्याला दिसेल ते खिशातल्या काडेपेटीएवढ्या यंत्रात जायचं. यंत्र ते चित्र साफसूफ करून अदृश्य प्रकाशाच्या ठिपक्यांनी चिपवर उमटवायचं, आणि चिप त्या ठिपक्यांची वीज करून डोळ्याच्या नसेला द्यायची. पुढचं काम मेंदूचं. त्याला ही ठिपक्यांची बाराखडी शिकावी लागते. म्हणून चष्मा दोन्ही बाजूंनी बंद केलेला होता, वेल्डिंगवाल्याच्या गॉगलसारखा, आणि डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं की झोपेशिवाय तो काढायचा नाही. रोज तासभर जरी काढून ठेवलात तरी मेंदू जुन्या सवयीकडं वळेल आणि शिकलेली अक्षरं पुन्हा पुसट होत जातील. गेलेली अक्षरं परत येतीलच याची खात्री नाही. अण्णांनी मान डोलावली. चष्मा काढायचा आपल्याला कशाला येतोय प्रसंग, असं त्यांना त्या वेळी वाटलं.

घरी पोचल्यावर काय करायचं ते त्यांनी जिन्यातच ठरवलं होतं. घाई करायची नाही. आधी हातपाय धुवायचे, चहा टाकायचा, आणि मग खुर्ची ओढून निवांत शैलजाकडं बघायचं. चार वर्षं कळ काढली, तिथं दहा मिनिटं काय.

तिचा फोटो पुढच्या खोलीत, खिडकीला लागूनच भिंतीवर होता. चहाचा कप घेऊन अण्णा समोर बसले आणि त्यांनी मान वर केली. सागवानी चौकट दिसली. चौकटीवरची चार वर्षांची धूळ दिसली. वरचा खिळा थोडा वाकलाय तेही दिसलं. आत शैलजा नव्हती. आत सपाट करडा रंग होता आणि खालच्या कोपऱ्यात एक बारीक कुलूप, त्यापुढं बारा आकडी नंबर आणि दोन शब्द: परवाना नाही.

त्यांनी चष्मा पुसला. चौकट खाली काढून उजेडात नेली. करडंच. उलटी करून बघितली तर मागचा पुठ्ठा स्वच्छ दिसला, त्यावर चिकटवलेलं ‘मुजावर फ्रेम मेकर्स’ हे लेबल दिसलं, त्यावरचा जुना पाच आकडी फोन नंबरसुद्धा वाचता आला. सुलटी केली की पुन्हा करडी. चहा तसाच गार झाला.

हा फोटो म्हणजे काही असातसा नव्हता. शैलजाचा जगात उरलेला तेवढा एकच. फोटोग्राफरच्या बायकोचे फोटो नसतात, हे ज्याला ठाऊक नाही त्यानं कुठल्याही जुन्या स्टुडिओवाल्याला विचारावं. जे काही पाच-पन्नास होते, लग्नाचा अल्बम धरून, ते महापुरात गेले. पाणी स्टुडिओच्या छताला लागलं होतं. अल्बम, निगेटिव्हचे डबे, फोटो साठवलेल्या तिन्ही हार्ड डिस्क, सगळ्यांचा एकच चिखल झाला. हा एक तासगावला मेहुणीच्या घरी टांगलेला होता म्हणून वाचला, आणि मेहुणीनं तो आपण होऊन परत आणून दिला. त्यानंतर डोळे जाईपर्यंत अण्णा त्याच्याशी रोज बोलत. काही विशेष नाही, भाजी काय आणली वगैरे.

चष्म्याच्या कंपनीला फोन लावला तेव्हा एका मुलीनं सगळं फार गोड आवाजात समजावून सांगितलं. माणसाचा स्वतःचा डोळा बघतो, त्याला कायदा नुसतं बघणं म्हणतो. यंत्राचा डोळा मात्र आधी चित्राची नक्कल करतो आणि मग ती नक्कल दाखवतो. काही वर्षांपूर्वी चित्रांचे मालक आणि चष्म्यांचे कारखानदार यांच्यात मोठा खटला झाला आणि त्यात ठरलं की असा चष्मा म्हणजे एक छोटा सिनेमाचा पडदाच. त्यावर दुसऱ्याच्या मालकीचं चित्र दाखवायचं तर मालकाचा परवाना लागेल. जाहिराती, वर्तमानपत्रं, देवांच्या तसबिरी यांचे परवाने कारखानदारांनी सगळ्यांसाठी एकदमच घेऊन टाकले होते. घरच्या फोटोंचे मालक घरचेच, त्यामुळं तिथं प्रश्न नव्हता. उरले ते, जे कुणीतरी कुणालातरी कायमचे विकून टाकले होते. प्रत्येक चित्रातल्या उजेड-अंधाराच्या मांडणीचा एक ठसा निघतो, अंगठ्यासारखा. फोटो फिका पडो, कडा कापलेल्या असोत, काचेत असो, ठसा जुळतो. चष्म्यानं ठसा घेतला, देशाच्या प्रतिमा-नोंदवहीत तपासला आणि कुलूप लावलं.

“पण फोटो मी काढलाय,” अण्णा म्हणाले.

“हो सर. आणि तुम्हीच विकलाय,” ती मुलगी म्हणाली.

विकला होता. खोटं कशाला बोला. स्टुडिओचं गिऱ्हाईक कमी व्हायला लागलं त्या काळात अण्णांना इंटरनेटवर फोटो विकायचा नाद लागला होता. एका परदेशी एजन्सीच्या साइटवर ते नदीचा घाट, हळदीची पोती, द्राक्षाचे घड असलं काय काय चढवत. तिथं विकायचे दोन प्रकार होते. एकात फोटो घरासारखा भाड्यानं द्यायचा. आज हा राहील, उद्या तो राहील, घर तुमचंच. दुसऱ्यात सरळ खरेदीखत. शैलजाचा फोटो चढवला आणि महिन्याभरात कुठल्याशा परदेशी विमा कंपनीनं तो खरेदीखतानं मागितला. सांगलीतला फोटो सातासमुद्रापार चालला म्हणून अण्णांनी गल्लीत भडंग वाटलं. करार एकवीस पानांचा होता. त्यात ‘आज अस्तित्वात असलेल्या व यापुढे निर्माण होणाऱ्या सर्व माध्यमांत’ असं एक वाक्य होतं. यापुढे निर्माण होणाऱ्या माध्यमात आपला स्वतःचा डोळा असेल, हे कुणाच्या बापाला सुचलं असतं? त्यांनी खाली ‘मान्य’ दाबलं.

फोन ठेवता ठेवता त्या मुलीनं एक सोय सांगितली. करडा रंग फार खुपत असेल तर त्या जागी चष्मा पर्यायी चित्र भरू शकतो. तसंच, पण कुणाच्याही मालकीचं नसलेलं. करू का चालू? अण्णांना नीट कळलं नाही, पण करडेपणा जाईल एवढं ऐकून ते बरं म्हणाले.

चौकटीत एक बाई आली. हळदी रंगाची साडी तशीच, खिडकीचा उजेड तसाच डाव्या गालावर. वय तेवढंच. सोज्ज्वळ हसत होती आणि तिचे दात एका ओळीत होते. जगातल्या लाखभर बायकांची सरासरी काढून यंत्रानं तिला बनवलं होतं, आणि ती खरोखर दिसायला चांगली होती. शैलजापेक्षा उजवीच म्हणा ना.

पहिले दोन दिवस अण्णांनी तिच्याकडं पाठ करून जेवण केलं. तिसऱ्या दिवशी त्यांना तिची कीव आली. तिचा बिचारीचा काय दोष. पाचव्या दिवशी भाजी आणून पिशवी ठेवताना, दोडका चांगला मिळाला, असं ते सवयीनं बोलून गेले. नवव्या दिवशी सकाळी दाढी करताना त्यांच्या मनात शैलजा आली. नेहमी यायची तशीच, आरशात मागून डोकावून काहीतरी टोमणा मारणारी. ती हसली आणि तिचे दात एका ओळीत होते.

अण्णांचा हात थांबला. शैलजाचा एक दात दुसऱ्यावर चढलेला होता. वरचा, डावीकडचा. की उजवीकडचा? त्यांनी डोळे मिटून तिला आठवायचा प्रयत्न केला, तर ती दुसरीच पुन्हा पुन्हा पुढं येऊ लागली. त्यांना भीती वाटली. एवढी भीती त्यांना पुराचं पाणी जिन्याच्या पायरीला लागलं तेव्हाही वाटली नव्हती. माणूस गेलं ते गेलं, फोटो गेला तोही गेला, पण आता डोक्यातली शैलजासुद्धा कुणीतरी हळूहळू बदलून न्यायला लागलं होतं. आणि तिला ओळखणारं, तिचा दात कुठल्या बाजूचा होता हे सांगणारं, आपल्याशिवाय कुणीही उरलेलं नव्हतं. मेहुणी तीन वर्षांपूर्वीच गेली होती.

त्यांनी पर्यायी चित्र बंद केलं आणि चौकटीमागचं लेबल बघून मुजावरांची आठवण काढली. फ्रेमवाले मुजावर वारले होते, पण त्यांची मुलगी तस्नीम वकील झाली होती आणि जिल्हा न्यायालयाजवळ तिचं ऑफिस होतं. लहानपणी ती शाळेतून आली की बापाच्या दुकानात बसायच्या ऐवजी स्टुडिओत येऊन बसायची. अण्णा फोटो पिशवीत घालून तिच्याकडं गेले.

तस्नीमनं महिनाभर शोधाशोध केली आणि मग त्यांना बोलावून घेतलं. विमा कंपनी पंधरा वर्षांपूर्वी बुडाली होती. तिची चित्रं गठ्ठ्यानं दुसऱ्या कुणी घेतली, त्यांनी तिसऱ्याला दिली, तो तिसराही दिवाळखोरीत निघाला. आता कागदोपत्री मालक आहे, पण त्या पत्त्यावर कुणीच नाही.

“परवानगी कुणी नाकारली नाही काका,” ती म्हणाली. “परवानगी द्यायला कुणी जागेवरच नाही. नाही म्हणणारा असता तर भांडता आलं असतं.”

मग तिनं फाइलमधून दुसरा कागद काढला. नव्या कायद्यात एक कलम होतं. फोटोत जी व्यक्ती ओळखू येते तिची सही केलेली संमती नसेल, तर तो फोटो विकण्याचा व्यवहारच रद्द होतो. शैलजाची संमती होती. अण्णांनी रीतसर फॉर्म भरून घेतला होता आणि साक्षीदार म्हणून तस्नीमच्याच वडिलांची सही होती. पण फोटोत आणखी कुणी आहे का? कोपऱ्यात कुणाचा हात, आरशात कुणी, मागं रस्त्यावर चालणारं कुणी? एखादा माणूस, ज्यानं सही केलेली नाही?

अण्णा खुर्चीत ताठ झाले. “आहे,” ते म्हणाले. “मी आहे.”

आणि त्यांनी तिला पांढऱ्या सदऱ्याची गोष्ट सांगितली. आरवाडे स्टुडिओत कधी छत्री नव्हती, चंदेरी पडदे नव्हते. पुण्यामुंबईकडचे फोटोग्राफर चेहऱ्यावरचा अंधार काढायला जे काय काय वापरत, त्यातलं काही अण्णांनी घेतलं नाही. ते कडक खळ घातलेला पांढरा सदरा घालत आणि कॅमेरा स्टँडवर ठेवून, त्याच्या बटणाची लांब वायर हातात धरून गिऱ्हाइकाच्या अंधाऱ्या गालाच्या बाजूला उभे राहत. खिडकीचा उजेड सदऱ्यावर पडायचा आणि उलटून त्या गालावर जायचा. अण्णा स्वतःच पडदा. गिऱ्हाइकाला ते सांगायचे, कॅमेऱ्याकडं नका बघू, खिडकीकडं बघा, हलू नका. म्हणून आरवाडे स्टुडिओच्या प्रत्येक फोटोत माणसाच्या बुबुळात मधोमध खिडकी असायची आणि कडेला एक टिकलीएवढा पांढरा माणूस. बुबुळ म्हणजे काळा आरसाच. फोटो मोठा केला की तो माणूस ओळखूसुद्धा यायचा. एका शैलजानं तेवढं ऐकलं नव्हतं. गिऱ्हाईक यायला उशीर झाला, नवी लेन्स बघायची होती, म्हणून त्यांनी तिला मेथी निवडताना उठवून स्टुलावर बसवलं आणि सवयीनं सांगितलं, खिडकीकडं बघ. तिनं सरळ त्यांच्याकडंच बघितलं. म्हणजे तिच्या बुबुळात मधोमध खिडकी नाही, मधोमध अण्णा.

सांगताना अण्णा सत्तरीतले राहिले नव्हते. तस्नीमही खुलली. वकील म्हणून तिला खटल्यापुरतं नोंदवहीतलं पूर्ण आकाराचं चित्र उघडायचा अधिकार होता. तिनं ते समोरच्या पडद्यावर आणलं. अण्णांना पडदा करडा दिसत होता, कोपऱ्यात कुलूप. ते शेजारी खुर्ची ओढून बसले आणि तिला सांगत राहिले, डावा डोळा घे. मोठा कर. अजून.

“खिडकी दिसतेय कडेला,” तस्नीम म्हणाली. “चार गज आहेत.”

“आता मधे ये.”

तिनं चित्र आणखी मोठं केलं, मग उजव्या डोळ्यावर नेलं. बाहेर कुणीतरी शिपायाला हाक मारत होतं.

“मधे काही नाही काका. नुसतं काळं आहे, गुळगुळीत. उजव्या डोळ्यातपण तसंच.” मग ती म्हणाली, “काकू कुणाकडं बघतायत तेच कळत नाही.”

आणि अण्णांना आठवलं. इतकी वर्षं ते कुठं जाऊन बसलं होतं कोण जाणे, पण आठवलं तेव्हा अगदी वारासकट आठवलं. शुक्रवार होता. एजन्सीनं फोटो परत पाठवला होता. डोळ्यातल्या प्रतिबिंबात ओळखू येणारी व्यक्ती आहे. तिचं संमतिपत्र जोडा किंवा ती काढून टाका. एक पान छापून सही करायची, एवढंच काम. पण साक्षीदाराची सही लागली असती, आणि मुजावर नमाजाला गेल्यामुळं त्यांचं दुकान बंद. दोन तास थांबायला काय झालं होतं? अख्ख्या सांगलीकडून संमतिपत्रं भरून घेणाऱ्या माणसाला स्वतःकडून एक भरून घ्यायचा कंटाळा आला. त्यांनी कॉम्प्युटरवर शेजारचा काळा रंग उचलला आणि दोन मिनिटांत दोन्ही डोळ्यांतून स्वतःला खोडून टाकलं. अशी बारीक सफाई करण्यात त्यांचा हात धरणारं सांगलीत कुणी नव्हतं.

शैलजा मागं उभी होती. दुपारचा चहा घेऊन आली होती.

“अहो, मी तुमच्याकडं बघत होते की,” ती म्हणाली.

“एवढं बारीक कोण बघणार आहे?” अण्णा म्हणाले होते.

“मी बघितलं ना.”

एवढंच बोलून तिनं कप ठेवला आणि ती वर निघून गेली. अण्णा हसले होते आणि त्यांनी फोटो पुन्हा चढवला होता. तिथं शोधणाऱ्यांना सापडावं म्हणून तीस शब्द लिहावे लागत. त्यांनी बाई, साडी, खिडकी, समाधानी, गृहिणी असे तीस शब्द लिहिले. त्यात शैलजा हा शब्द नव्हता.

तस्नीमला त्यांनी हे सगळं सांगितलं. न खोडलेला मूळ फोटो कुठं आहे का, असं तिनं विचारलं खरं, पण चौकटीतला फोटो खोडल्यानंतरच छापलेला होता आणि पुरात काय काय गेलं ते तिलाही ठाऊक होतं. तरी आपण अर्ज करू, ती म्हणाली. पाच-सात वर्षं चालेल, पण करू. अण्णांनी चौऱ्याहत्तरमध्ये सात मिळवून बघितले आणि ते हसले.

“तस्नीम, तू बघतीयस तर एक सांग,” ते म्हणाले. “तिचा चढलेला दात कुठल्या बाजूला आहे?”

तिनं पडद्याकडं बघितलं. “दात दिसतच नाहीत काका. तोंड मिटलेलं आहे. हसतायत, पण मिटूनच.” मग तिनं स्वतःच्या गालाला, डावीकडं, हात लावला. “इथं होता. मला आठवतंय ना. स्टुडिओत आलेल्या पोरांचे भांग पाडायच्या त्या, कंगवा दातात धरायच्या. मला वाटायचं, त्या दातात कंगवा अडकून बसेल.”

अण्णा घरी आले तेव्हा त्यांच्या डोक्यात दोन गोष्टी एकदमच होत्या. एक म्हणजे खंत, आणि ती साधी नव्हती. शैलजाच्या डोळ्यात आपण होतो, आणि तिथून आपल्याला कायद्यानं काढलं नाही, कंपनीनं काढलं नाही, आपणच काढलं, तिच्या देखत. आणि दुसरी म्हणजे तो दात. तो फोटोत कधी नव्हताच. म्हणजे इतकी वर्षं जो दिसत होता तो फोटोतला नाही, आपला स्वतःचा होता. तो कुणाला विकलेला नव्हता. ती दुसरी बाई त्यालाच हात घालायला निघाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी कपाटातून पांढरा सदरा काढला. भाताच्या पेजेची खळ आदल्या दिवशीच घालून ठेवली होती. सदरा आता अंगावर ढगळ होत होता. बटणं लावून ते भिंतीवर परत टांगलेल्या चौकटीसमोर उभे राहिले. शेजारच्या खिडकीतून उजेड आत येत होता.

मग त्यांनी चष्मा काढला.

सगळं एकदम विरून गेलं. वर्तमानपत्र, घड्याळातले आकडे, औषधांच्या बाटल्यांवरची नावं, दीड महिन्यात परत मिळालेलं सगळं. डॉक्टरीणबाईंचं बोलणं त्यांना आठवत होतं. रोज तासभर काढलात तर पुसट होत जाईल. होऊ दे, असं त्यांनी ठरवलं होतं, आणि ठरवताना त्यांना वाईटही वाटलं होतं. पाट्या वाचायला त्यांना फार आवडायला लागलं होतं. त्यांनी चौकटीकडं बघितलं. मधलं भोक चौकट गिळून बसलं होतं, चार वर्षं गिळत होतं तसंच.

“कॅमेऱ्याकडं नका बघू,” अण्णा स्वतःलाच म्हणाले. “खिडकीकडं बघा.”

त्यांनी नजर खिडकीकडं वळवली. खिडकी नाहीशी झाली, आणि डाव्या कडेला, जिथं ते बघत नव्हते तिथं, काहीतरी पिवळं आलं. हळदीचा पिवळा. त्याच्यावर सावळा, मऊ गोल. नाक नाही, डोळे नाहीत, ओठ नाहीत. पण ती शैलजा होती, दुसरी कुणी नव्हती. झिजलेल्या डोळ्याच्या त्या कडेवर कुणाचा हक्क चालत नव्हता, कारण ते नुसतं बघणं होतं. आता तिच्याकडं मान वळवायची नाही, एवढंच सांभाळायचं होतं.

ते अर्धं पाऊल बाजूला सरकले. तेव्हा त्या सावळ्या गोलावर, साधारण डोळे असतील तिथं, एक पांढरा ठिपका आला. चौकटीच्या काचेत सदरा उमटला होता. चाळीस वर्षं त्यांनी काचेवरच्या असल्या चकाकीला शिव्या घातल्या होत्या, तिरक्या फ्रेमा लावल्या होत्या, मुजावरांशी वाद घातले होते. काच काय करते ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते थोडे मागं झाले, थोडे डावीकडं, आणि ठिपका बरोबर मधे आणला.

“हलू नका,” अण्णा म्हणाले.

खाली भडंगवाल्यानं दुकानाचं शटर वर केलं. रस्त्यावर रोजची वर्दळ सुरू झाली. अण्णा हलले नाहीत.